मालगाडीच्या पलीकडचा माणूस

११ नोव्हेंबर, सोमवार

पोहोचलो बाबा एकदाचे बोरखिंडीला, रेल्वेच्या पहिल्या नेमणुकीवर. वाशीमहून छोटा हत्ती करून सामान आणलं. सामान तरी काय, गॅसची शेगडी, दोन ट्रंका, एक गादी, बाबासाहेबांचा फोटो आणि स्नेहानं अनसिंगहून मांडीवर धरून आणलेलं गवती चहाचं रोप. ड्रायव्हर आरशातून तिच्याकडं दोनदा पाहत होता. तिसऱ्यांदा पाहायच्या आत मी तिला खिडकीकडं सरकवलं आणि स्वतः मध्ये बसलो. स्नेहा हसली. मलाही हसू आलं, पण मी मध्येच बसून राहिलो.

वाशीमच्या अभ्यासिकेत तीन वर्षं काढली तेव्हा सर म्हणायचे, रोज एक पान लिहा, हात वळतो. ती सवय राहिली. त्यामुळे इथं लिहिताना भाषा पेपरातली होते. बोलायला लागलो की कामरगावची वऱ्हाडीच तोंडात येते.

जागा झकास आहे. स्टेशन नाही, नुसतं ठाणं. रुळाला लागून आमची केबिन, मागं टेकडी, आणि टेकडीवर बेचाळीस पायऱ्या चढून क्वार्टर. दोन खोल्या आणि पुढं चांगला रुंद ओटा. ओट्यावरून खाली अख्खा उतार दिसतो. रूळ सागाच्या जंगलातून वळत वळत अकोल्याकडं उतरत जातो. गाडी समोर आली तरी तिच्या टपावरून पलीकडचं तुरीचं शेत दिसतं, एवढं हे उंच आहे. स्नेहाचं माहेर अनसिंगला, स्टेशनाजवळच. गाड्या पाहत वाढलेली पोरगी. ओट्यावर उभी राहून म्हणाली, मले इथं करमन बरं.

माझ्यासारख्याला ही कशी मिळाली, हे अजून मला नीट कळलेलं नाही. तिला तलाठ्याचं स्थळ आलं होतं. ती नाही म्हणाली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

ड्यूटी सुरू झाली. सकाळी आठ ते दुपारी चार माझी. माझ्यानंतर जगदेवकाका येतात. सत्तावीस वर्षं नोकरी झालेला माणूस, कमी बोलणारा, पण शिकवतो मन लावून.

काम असं. उताराच्या तोंडाशी प्रत्येक मालगाडी थांबते. ड्रायव्हर ब्रेक तपासतो, शिट्टी देतो आणि मग गाडी खाली सोडतो. आमच्या समोरून ती जाते तेव्हा आम्ही हिरवा झेंडा धरून उभं राहायचं आणि डबा न् डबा पाहायचा. कुठं धूर निघतो का, एखादं चाक फिरायचं सोडून घसटत जातं का, दार लोंबतं का. काही दिसलं की लाल दाखवायचा. शेवटी गार्डचा डबा येतो. तो आपल्याला हिरवा दाखवतो, आपण त्याला. झालं.

सांगायला सोपं आहे. पण आज पावणेचारची सिमेंटची गाडी उतरली तेव्हा मी झेंडा दोन्ही हातांनी धरला. अठ्ठावन्न डबे. पुढची इंजिनं वळणाआड गेली तरी मागचे डबे अजून वरच, आणि ते सगळं वजन खालच्या डब्यांवर रेलून उतरत असतं. ब्रेक लोखंडाला धरून किंचाळत असतात. तो आवाज कानानं नाही, दातांनी ऐकू येतो. जळक्या ब्रेकचा वास नंतर पाच मिनिटं हवेत राहतो. एवढं अवाढव्य धूड नुसत्या चिमटीत धरल्यासारखं खाली सोडतात, आणि ती चिमटी सुटली तर काय, हे पाहायला मी उभा! छाती फुगली माझी.

एक गोष्ट. गार्डानं हिरवा दाखवला, पण माझ्याकडं नाही. डब्याच्या पलीकडच्या दारातून, तिकडच्या बाजूला. मी विचारलं. काका म्हणाले, पूर्वी दोन्ही बाजूंना माणूस असायचा. पलीकडची जागा दोन वर्षं रिकामी आहे. गार्डांची जुनी सवय असेल.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

स्नेहाला पावणेचारच्या गाडीचं वेडच लागलं आहे. तीन वाजता काम आटोपते, वेणी घालते, ओट्यावर येऊन बसते. मी खालून पाहतो. मला वाटायचं, माझ्यासाठी बसते.

आज जेवताना सहज म्हणाली, तुमच्यासमोर तो दुसरा असते ना, तो लय सरळ उभा राह्यते. झेंडा हालू देत नाई. मी विचारलं, कोण दुसरा? म्हणाली, पलीकडचा. खाकी कोटवाला. गाडी आली की असते. गाडी गेली की तुरीच्या अंगानं उतरून जाते. आज त्यानं वर पाह्यलं.

मी म्हटलं, गँगमन असेल. माझा झेंडा हलतो का? असं ती म्हणाली नव्हती. पण दुसऱ्याचा हलत नाही म्हटलं, म्हणजे काय?

रोज वेणी घालते ती. मी हे आजच लिहितो आहे, पण मनात आठवडाभर होतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

पलीकडचा माणूस पाहायचाच, असं ठरवून उभा राहिलो. समोरून गाडी जात असताना पलीकडचं दिसतं ते फक्त दोन डब्यांमधल्या फटीतून. एक फट, मग डबा, मग फट. पापणी लवावी तसं. त्या फटींतून मला तुरीचं शेत दिसलं, तारेचं कुंपण दिसलं. माणूस दिसला नाही. मग मी खाली वाकलो.

चाकांच्या मधून दोन पाय दिसले. काळे बूट, खाकी पँट. रुळापासून चार हातांवर, टाचा जुळवून. इंच हलले नाहीत. मी वाकल्या वाकल्या डबे मोजत राहिलो. शेवटचा गेला, समोर उघडं झालं.

कोणी नव्हतं. शेत कंबरेएवढं, पळून लपायला वेळच नाही. पलीकडं गेलो. चुन्यानं आखलेला जुना गोल आहे तिथं, आणि आतलं गवत दोन पावलांएवढं दबलेलं. माझ्या डोळ्यांसमोर एक काडी हळूहळू वर उठली.

जगदेवकाकांना सांगितलं. त्यांनी तंबाखू मळता मळता एवढंच म्हटलं, "आपल्या बाजूची गाडी आपन पाहावं. पलीकडची पलीकडच्यानं. तथी जाऊ नको, अश्वजित." कोण आहे ते सांगा म्हटलं तर केबिनमध्ये निघून गेले.

खरं सांगायचं तर मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. एवढी माझी जागा, तीन वर्षं रात्रंदिवस घासून मिळवलेली, आणि गार्ड त्याला हिरवा दाखवतात. माझी बायको त्याला पाहते.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज वाईट वागलो. स्नेहा आंघोळीला गेली तेव्हा तिचा मोबाईल पाहिला. तिच्या आईचे फोन, मावसबहिणीचे, बाकी काही नाही. गाड्यांचे फोटो मात्र भरपूर. ओट्यावरून काढलेले. प्रत्येकात गाडी, गाडीच्या अलीकडं मी, मुंगीएवढा. पलीकडं कोणी नाही.

कोणी नाही म्हटल्यावर बरं वाटायला पाहिजे होतं. मला वाटलं, तिनं पुसून टाकला असेल.

ती बाहेर आली तेव्हा मोबाईल माझ्या हातातच होता. केस पुसत उभी राहिली. मग म्हणाली, "विचारलं असतं त दिला असता." दिवसभर एवढंच बोलणं. तिला सांगावंसं वाटलं की तू पाहतेस तो माणूस नाहीच मुळी. सांगितलं असतं तर ती घाबरली असती आणि माझ्याजवळ आली असती. पण सांगितलं नाही. तिला घाबरवणं बरोबर नाही, असं मी मनाला समजावलं. खोटं आहे ते. ती म्हणाली असती, तरी किती नीट उभा राह्यते.

३ डिसेंबर, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

पावणेचारची गाडी, सिमेंटचीच. मी झेंडा हातात घेऊन वाकलो होतो. पाय पाहत होतो. हल्ली रोज पाहतो. ते होतेच. मी त्या बुटांकडं पाहत असताना गाडीचा आवाज बदलला. ब्रेक कचकन लागले, डब्यावर डबा आदळत धक्का वरपर्यंत गेला आणि अख्खी गाडी उतारावर कुरकुरत थांबली. मी ताठ झालो तेव्हा पाहिलं, माझ्यापासून दोन डबे पुढं एका चाकातून धूर निघत होता. चाक लाल झालेलं. तो डबा माझ्या समोरून गेला होता आणि मी त्याकडं पाहिलंच नव्हतं.

खाली वळणानंतर नाल्यावरचा पूल आहे. काका नंतर म्हणाले, पुलावर ते चाक गेलं असतं तर मागचे सगळे डबे एकावर एक चढले असते. ड्रायव्हर, त्याचा जोडीदार, गार्ड, सगळे.

गार्ड चालत आला. म्हणाला, पलीकडच्या भाऊनं लाल दाखवला, ड्रायव्हरनं वळणावरून मागं पाहिलं म्हणून वाचलो. कुठं आहे तो? पाया पडतो त्याच्या.

मी म्हटलं, मीच होतो.

त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. म्हणाला, तो उंच वाटला. मी म्हटलं, लांबून वाटतं तसं. त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. संध्याकाळी वरून फोन आला, शाबासकी मिळाली, माझं नाव बक्षिसासाठी पाठवणार म्हणाले. कामरगावला वडिलांना, अण्णांना फोन केला. ते रडले.

४ डिसेंबर, बुधवार

स्नेहाला काल सांगितलं नव्हतं. आज जगदेवकाकांनी तिचं अभिनंदन केलं, तेव्हा तिला कळलं. मी घरी आलो तर ती पोळपाट पुढ्यात घेऊन तशीच बसलेली. म्हणाली, "तुमी त वाकून होते. लाल त्यानं दाखोला. मी पाह्यलं ना. तुमी काहून खोटं सांगतलं?"

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. तलाठ्याचंही बोललो. ती म्हणाली, मले त्याचं नावसुद्धा मालूम नाई, त्यानं तिघांचा जीव वाचोला एवढंच म्हनली मी.

तिचं बरोबर आहे. म्हणूनच ऐकवत नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, दोघांनी वंदना म्हटली. स्नेहा माझ्याशेजारी बसली होती, पण अंतर ठेवून.

दुपारी सोजरबाईशी बोललो. खालच्या वस्तीतली म्हातारी, रोज तीनला बकऱ्या घेऊन पलीकडच्या बोरीखाली येऊन बसते. मला वाटायचं चारायला येते. आज तिनंच हाक मारली. म्हणाली, "तुह्या बायकोले घरात बसव."

मी विचारलं, काहून? तिनं चुन्याच्या गोलाकडं बोट केलं. म्हणाली, "थो माहा नवरा हाय. गोविंदा."

मग ती थांबलीच नाही. एकोणीस वर्षं तो त्या गोलात उभा राहिला. आमचं क्वार्टर तेव्हा त्यांचं होतं. दोन वर्षांपूर्वी अशीच दुपारची गाडी गेली, शेवटचा डबा गेला, गार्डाला हिरवा दाखवला आणि तो खाली बसला. पुन्हा उठला नाही. तिला क्वार्टर सोडावं लागलं.

"जेवतानी शिट्टी झाली त घास टाकून पये तो," म्हणाली. "एकोनीस वर्सं गाडी पाह्यली त्यानं. माह्याकडे कदी धड पाह्यलं नाई. मी म्हनो, जाऊ द्या, गाडीच त पाह्यते, बाई त पाह्यत नाई. मेल्यावरबी गाडीच पाहे. मी अथी बसून त्याले पाहो. अन् आता पाह्यते त तुह्या बायकोकडे!"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या पोटात जे जळत होतं तेच तिच्या तोंडावर दिसत होतं. मी विचारलं, तो जात का नाही?

"कसा जाईन? त्याच्या जाग्यावर कोनी आलं का? चार्ज घेतल्याबिगर रेल्वेचा मानूस जागा सोडते का? तू उभा राह्य तथी. चार्ज घेतला म्हन. थो सुटन. माह्या घरी येईन."

१० डिसेंबर, मंगळवार

आज चेहरा दिसला. फटीफटीतून. उभट, मिशीवाला, साधा माणूस. गाडीकडं पाहत नव्हता. मान वर. ओट्याकडं.

मी वर पाहिलं. स्नेहा उभी होती. अंबाडीच्या फुलासारख्या फिक्या पिवळ्या साडीत.

वर गेल्यावर विचारलं, त्याच्याकडं पाहून हसलीस? म्हणाली, मान डोलवली फक्त, तिघांना वाचवलं त्यानं म्हणून. मग मी सगळं सांगून टाकलं. गोविंदाचं, दोन वर्षांचं, चुन्याच्या गोलाचं. ती घाबरेल, माझा हात धरेल, असं वाटलं होतं. तिनं खाली उताराकडं पाहिलं. म्हणाली, "बिचारा. अजून सुटी नाई भेटली त्याले."

बिचारा!

मला कोण म्हणतं बिचारा?

१२ डिसेंबर, गुरुवार

स्नेहा म्हणाली, आपण बदली मागू. अनसिंगला काही मिळतं का पाहा. इथं तुमचं चित्त ठिकाणावर नाही. उद्या-परवा अर्ज लिहा, मी शुद्धलेखन पाहते. असं म्हणून हसली, महिन्याभरानं पहिल्यांदा. जगदेवकाकाही म्हणाले, जा.

जावं. पण गेलो तर तो तिथंच राहणार. नीट उभा. झेंडा न हलवता. तिच्या मनात तो तसाच राहणार आणि मी तो वाकलेला. खोटं बोललेला.

आधी त्याला हटवतो. मग अर्ज.

१३ डिसेंबर, शुक्रवार

उभा राहिलो. पलीकडं. गोलात.

काही झालं नाही. ऊन, तूर, गाडी. डबा न् डबा पाहिला, एकही चाक सोडलं नाही. गार्डानं मला हिरवा दाखवला. मला! आणि टपावरून स्नेहा दिसली. इथून ती किती छान दिसते. अख्खी दिसते. त्याला रोज अशीच दिसत असणार.

घरी आलो. तिचा चेहरा पांढरा. म्हणाली, तिकडं काहून गेलते? मी म्हटलं, त्याची जागा घेतली. संपलं ते.

म्हणाली, "थो तुमच्या मांगंच उभा होता. गाडी जाईपरेंत तुमच्या कानाशी वाकून बोलून राह्यला होता."

मी काही ऐकलं नाही. ब्रेकचा आवाज फक्त.

उद्या पुन्हा. चार्ज घेतो म्हणायचं राहिलं होतं—

१४ डिसेंबर, शनिवार. सकाळ

स्नेहा रडली. जाऊ नका म्हणाली. शपथ घातली. मला बरं वाटलं. माझ्यासाठी रडली. माझ्यासाठीच ना?

अर्ज लिहिला आहे. वहीत घालून खिशात ठेवला. आज शेवटचं. चारला वर येतो, सोमवारी अर्ज देतो.

दुपार, ३.४०

गोलात उभा आहे. सोजरबाई बोरीखाली. लुगडं नवं. केसांना तेल. वाट पाहते आहे.

गाडी वर थांबली आहे. शिट्टी झाली. मोठ्यानं म्हटलं, चार्ज घेतला.

मानेमागून कोणीतरी श्वास सोडला. दिवसभराचं ओझं खाली ठेवल्यावर सोडतात तसा—

३.४८

गाडी जाते आहे. अजून. अठ्ठावन्न मोजले. एकोणसाठ. साठ. वेग तोच. गार्डचा डबा नाही.

सत्तर.

फटीतून पाहिलं. केबिनसमोर कोणी आहे. माझ्या जागी. तपकिरी स्वेटर. स्नेहानं विणलेला तो माझा— मी सकाळी घातला होता—

माझ्या अंगात खाकी कोट आहे.

३.५५

एकशे दहा. एकशे अकरा.

तो पायऱ्या चढतो आहे. सावकाश. सुटी झाल्यावर चढावं तसा. टपावरून सगळं दिसतं. सोजरबाई उठली. हाक मारते त्याला, गोविंदा, गोविंदा. इकडं, माह्या घरी. तो वळला नाही. क्वार्टर त्याचंच होतं ना— घर म्हणजे त्याला तेच— म्हातारीला कळलं नाही. मलाही नाही—

सोजरबाई खाली बसली. माती उचलून गाडीवर फेकते आहे.

मी ओरडलो. स्नेहा! माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. ब्रेक किंचाळतात.

४.०५

दोनशे. मोजणं सोडलं. काका केबिनमध्ये आले असतील. त्यांना ही गाडी दिसते का?

बेचाळीस पायऱ्या झाल्या त्याच्या. ओट्यावर आहे. पाठमोरा. स्नेहा बाहेर आली. रडत आली. धावत. त्याच्या छातीवर डोकं ठेवलं. माझ्याशी कधी अशी— महिनाभर नाही—

त्यानं तिच्या केसांवर हात ठेवला. तिनं वर पाहिलं. तिला कळेल आता. तोंड पाहिलं की कळेल. तो उभट आहे, मिशी आहे—

नाही कळलं.

हसते आहे.

४.१०

तिनं इकडं पाहिलं. सरळ माझ्याकडं. हात केला मी, दोन्ही. झेंडा पडला. तिनं त्याला काहीतरी सांगितलं. त्यानं तिचा खांदा धरून तिला आत—

दार उघडंच आहे. पडदा हलतो.

गोलाबाहेर पाय टाकता येतो. टाकून पाहिला. येतो! म्हणजे मी अजून— मी मेलो नाही. मी अश्वजित. माझं घर तिथं आहे. चाळीस पावलं आणि बेचाळीस पायऱ्या. मध्ये फक्त गाडी.

संपत नाही ती. वर वळणापर्यंत डबे, खाली वळणापर्यंत डबे.

पण हळू चालली आहे. माणूस चालतो तेवढीच. दोन डब्यांमधल्या जोडणीवर पाय ठेवला तर पलीकडं— एक उडी चढायला, एक उतरायला. सोजरबाई हात हलवून नाही नाही म्हणते. तिला काय जातं म्हणायला. तिचा गेला तो गेला, माझी अजून त्या घरात आहे.

दार लावलं त्यांनी.

वही खिशात ठेवतो. हा डबा जाऊ दे. पुढची फट आली की—